अंगावरून उतरवलेले

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या संस्थेची एक खोली होती. पूर्वी तिथे किराणा दुकान होतं. दुकान उठून बरीच वर्षं झाली होती, तरी उन्हाळ्यात भिंतींना गुळाचा वास यायचा आणि मुंग्या बारा महिने असायच्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बी.ए. होऊन तिथे कामाला लागले. नाशिक शहरातून जुने कपडे गोळा करायचे, निवडायचे आणि पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर नेऊन द्यायचे, असं ते काम. मला वाटलं होतं, घड्या घालायच्या, गाठोडी बांधायची, त्यात शिकायचं काय?

पहिल्याच आठवड्यात मी हबकले. एका पोत्यात सगळे ब्लाउज होते आणि एकालाही हूक नव्हता. हूक कापून ठेवून घेतले होते आणि मग ब्लाउज दान केले होते. परकरांच्या नाड्या ओढून घेतलेल्या. शर्टांची बटणं गायब. एका पिशवीत तान्ह्या बाळाची दुपटी होती, ती धुतलेलीसुद्धा नव्हती. ती पिशवी हातात धरून मी नुसती उभी राहिले. माझ्याबरोबर निवडायला एक मावशी असायच्या. गोदाकाठी राहणाऱ्या, साठीच्या, तोंडाने फटकळ.

"अगं, बघत काय बसलीस? टाक तिकडं कोपऱ्यात."

"मावशी, असं देतात लोक?"

"मग कसं देतील? चांगलं लुगडं बोहारणीला जातं. ती पातेलं देते, वर झाकण देते. तू काय देतेस? नमस्कार! नमस्काराला एवढंच मिळायचं."

मला एवढा धक्का बसायचं कारण होतं. मी नांदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील बाजारात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मी नाशिकला शिकू शकले ती आमच्या सरांमुळे. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे. वसतिगृहात माझी सोय त्यांनी लावली, पुस्तकं त्यांनी दिली, आणि पहिल्या वर्षी मी नेसायला-घालायला काय आणलं आहे हे पाहून त्यांच्या घरून दोन पंजाबी ड्रेस आले. त्यांच्या मुलीचे होते. धुऊन, इस्त्री करून, निघालेली शिवण पुन्हा घालून, वर ओढणीची वेगळी घडी करून दिलेले. त्या दोन कपड्यांवर माझी कॉलेजची पहिली दोन वर्षं निघाली. तेव्हा कुणी कुणाला कपडा देतं ते असंच देतं, अशी माझी समजूत होती.

पुढे सरांनी नोकरी सोडून ही संस्था काढली आणि पदवी मिळताच मला बोलावून घेतलं. आजही मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी सरांना हसू नये.

सर मूळचे इंदूरचे. आयुष्य नाशकात गेलं तरी बोलण्यातली हिंदी गेली नव्हती. "मी येऊन राहिलोय" असं म्हणायचे आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायच्या. शब्दांच्या बाबतीत मात्र ते फार हळवे होते. खोलीबाहेरच्या पाटीवर आधी 'जुने कपडे येथे स्वीकारले जातात' असं होतं. सरांनी 'जुने' पुसायला लावलं. "घेणाऱ्याला कमीपणा वाटतो," ते म्हणायचे. 'वापरलेले' हा शब्द तर ते आम्हाला उच्चारूच देत नसत. 'टाकलेले' म्हटलं की त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा. पाड्यावरच्या माणसाला आपण भीक घालतो आहोत असं कणभरही वाटू नये, एवढीच त्यांची धडपड असायची.

कपडे आणायला मी कॉलन्यांमधून फिरायची. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात गेले, तेव्हा एका बाईंनी दारातच दोन पिशव्या पुढे सरकवल्या. वरच एक कोरी शाल होती, दुकानातली चिठ्ठी अजून टोचलेली.

"किती छान आहे हो," मी म्हणाले.

"सासूबाईंची. तेरावं काल झालं. त्यांचं काही घरात ठेवायचं नसतं म्हणे." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हे लांब जातं ना? नाशकात कुणाला देत नाही ना तुम्ही?"

"लांब जातं. डोंगरात."

"मग बरं."

मी फाटकाबाहेर पडले आणि मागे पाणी शिंपडल्याचा आवाज आला. बाई उंबऱ्यावर पाणी शिंपडत होत्या. दुपारच्या उन्हात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी रिक्षा शोधत होते आणि माझ्या मानेवर काटा आला होता. खोलीवर येऊन सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "नवीन का काय? अर्धी पोती मेलेल्यांचीच असतात. राहिलेली आजारी माणसांची."

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका अंगणवाडी सेविकेची आणि माझी ओळख झाली. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून ती प्रशिक्षणाला नाशिकला यायची आणि परतीची एसटी मिळेपर्यंत आमच्या खोलीत बसायची. माझ्याच वयाची, दहावी झालेली. आमच्याशी मराठी बोलायची, आपल्या माणसांशी कोकणी, म्हणजे तिकडच्या कोकणा आदिवासींची बोली. मी तिला ताई म्हणायची, ती मला बाई. ती आली की मावशी चहा टाकायच्या आणि तिघींच्या गप्पा व्हायच्या.

एकदा तिने गप्पांमध्येच सांगितलं. तिचा नवरा द्राक्षाच्या बागेत कामाला गेला होता, तिथून ताप घेऊन आला आणि आठवड्याच्या आत गेला. तेव्हापासून पाड्यावर कुजबुज होती. तिकडे एक शब्द आहे, भुताळी. जिच्या नजरेने, जिच्या पावलाने माणसं आजारी पडतात, मरतात, अशी बाई. एकदा तो शब्द चिकटला की त्या बाईला पाणी मिळत नाही, वाट मिळत नाही. मारून टाकल्याच्या गोष्टीही तिने ऐकलेल्या होत्या.

"तुला उघड म्हणतात?" मी विचारलं.

"उघड नाय अजून. दीर दारू प्यायला की म्हणतो. म्हणतो, दहावी शिकली ना, त्यातच हे पण शिकली असंल." आणि ती हसली. "बाई, तुमी तर बी.ए. झालात. तुमी किती माणसं खाल्ली?"

मावशींना ठसका लागला. मला हसू आलं नाही. माझ्या वयाची एक शिकलेली बाई शहरापासून दोन-तीन तासांवर असल्या भीतीत राहते, हे माझ्या डोक्यात शिरायलाच वेळ लागला.

ती म्हणाली, "अंगणवाडीमुळं टिकून हाये. पोरं येतात, खातात, आया दोन शब्द बोलतात. पोरं यायची बंद झाली की मी संपले." मग तिने कपडे मागितले. थंडीत पोरं शेकोटीपासून उठत नाहीत, अंगणवाडीत येत नाहीत. एकेक गरम कपडा मिळाला तर येतील. "आणि माझ्या शब्दावर पाड्यात काय चांगलं आलं तर तोंडं पण बंद होतील."

सरांनी लगेच हो म्हटलं. आम्ही पंधरवडाभर निवडानिवड केली. लहान मुलांचे स्वेटर वेगळे, बायकांच्या साड्या वेगळ्या, सगळं धुतलेलं, हूक-बटणं मावशींनी नव्याने लावलेली. निघायच्या सकाळी मात्र ऐनवेळी दोन सोसायट्यांची पोती येऊन पडली. सर म्हणाले, "चढवा, तिथे बघू." टेम्पोत कपडे आणि जीपवर कर्णा बांधून आम्ही निघालो.

पाडा सुंदर होता. भाताची कापणी झालेली, अंगणात पेंढ्या रचलेल्या, कुडाची सारवलेली घरं. मी आणि ताई अंगणवाडीसमोर ताडपत्री टाकून कपडे मांडायला लागलो. पोरं जमली. एकाने लाल स्वेटर उचलून गालाला लावला. ताईचा चेहरा असा फुलला होता की जणू तिचं लग्न असावं. सर जीप घेऊन पाड्यातून फिरत होते. कर्ण्याचा आवाज झाडांआडून येत होता, शब्द कळत नव्हते.

तेवढ्यात एक बाई धावत आली आणि लाल स्वेटर पोराच्या हातून हिसकावून तिने ताडपत्रीवर फेकला. पोराला बखोटीला धरून ओढत नेलं. मग दुसरी आली. मग तिसरी. दोन मिनिटांत अंगण रिकामं झालं. समोरच्या घराचं दार लागलं. एका म्हाताऱ्याने तर अंगणातल्या कोंबड्यासुद्धा हाकलून आत घेतल्या आणि झाप लावून घेतला. आम्ही दोघी कपड्यांच्या मधोमध उभ्या. मी ताईकडे पाहिलं. तिलाही काही कळत नव्हतं. कर्णा जवळ येत होता आणि आता शब्द ऐकू येऊ लागणार, तोच तो बंद झाला. सरांची घोषणा संपली होती.

दुपार झाली तरी कुणी आलं नाही. सर म्हणाले, "संकोच वाटत असेल. आपण समोर असलो की हात पुढे येत नाही. ठेवून जाऊ, हळूहळू नेतील." सगळं अंगणवाडीच्या खोलीत रचून आम्ही परत आलो. 

आठवडा गेला असेल नसेल, एका सकाळी ताई खोलीच्या दारात उभी. आत आली नाही. तिचे ओठ फुटले होते आणि डोळ्यांत झोप नव्हती.

"सर, तुमचे कपडे घेऊन जा."

"का? काय झालं? ये, आत तर ये."

"तुमी कर्ण्यावर काय बोललात ते आधी सांगा."

सरांना आपलं वाक्य पाठ होतं, त्यांनी ते खूप विचार करून बनवलं होतं. म्हणाले, "हेच की, शहरातल्या चांगल्या घरांतल्या माणसांच्या अंगावरून उतरवलेले कपडे तुमच्यासाठी आणले आहेत, निःसंकोच घेऊन जा."

मावशींच्या हातातली कात्री खाली पडली. "अगं बाई! सर, असं म्हणालात?"

सर आमच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहू लागले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मला मात्र वाक्य कानावर पडताक्षणी कळलं. आमच्या खेड्यात लेकराला नजर लागली, ताप उतरेना, की आई मीठ-मोहऱ्या त्याच्या अंगावरून उतरवते. दुखणं मोठं असलं तर भात, लिंबू, कापडाचा तुकडा उतरवतात आणि तिठ्यावर नेऊन ठेवतात. त्याला उतारा म्हणतात. उताऱ्यात दुखणं असतं. तो ओलांडत नाहीत, त्याला शिवत नाहीत. आणि सरांनी कर्ण्यावरून, घरोघर ऐकू जाईल असं सांगितलं होतं की शहरातल्या माणसांच्या अंगावरून उतरवलेलं एक टेम्पोभर आम्ही तुमच्या पाड्यात आणून ठेवलं आहे, आणि घेऊन जा.

"उतरवलेले म्हणजे काढलेले," सर म्हणाले. "आमच्याकडे कपडे उतारतात..."

"तुमच्याकडं कपडे उतारतात. आमच्याकडं दुखणं उतरवतात," ताई म्हणाली. ती रागावून बोलत नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "आणि ते माझ्या अंगणवाडीत भरून ठेवलंय. मी बोलावलंय. आता एक पोर तापलंय, लाल स्वेटर घेतला होता ना गालाला, तेच. चार दिस झाले. घरची दवाखान्यात नेत नाहीत. म्हणतात, आणलंय ते आधी पाड्याबाहेर काढा. अंगणवाडीत एक पोर येत नाही. काल रांधलेली खिचडी मी एकटीनं टाकून दिली. दीर आता दारू न पिता बोलतो."

सर उभे राहिले. "मी येतो. सगळ्यांना एकत्र बोलव. मी समजावून सांगतो. हा शब्दाचा घोटाळा आहे, दुसरं काही नाही."

"सर, भाषण नको."

"अगं, पण ही अंधश्रद्धा आहे!"

तेव्हा तिने काखेतली पिशवी उघडली आणि दारातच एक चादर खाली टाकली. त्या ऐनवेळी आलेल्या पोत्यांतली. कोपऱ्यात कुठल्याशा दवाखान्याचा शिक्का होता आणि मधोमध वाळलेल्या रक्ताचा, तळहाताएवढा काळा डाग. "हे पोत्यातून निघालं. आणि असलंच आणखी लय हाये. त्या पोराच्या आज्यानं काढून सगळ्यांना दाखवलं. मला म्हणाला, सर खरंच बोलला की, आपुन उगा शहरवाल्यांना खोटं समजत होतो."

 गल्लीत भाजीवाला मेथी मेथी करून ओरडत होता. सर खाली वाकले, चादरीचा कोपरा बोटांनी धरून त्यांनी तो शिक्का वाचला आणि तसेच बसून राहिले. मला त्या बंगल्यातल्या बाई आठवल्या, लांब जातं ना, असं विचारणाऱ्या. इतके दिवस मी शहराचं दुखणं पोत्यात भरून डोंगरात पाठवत होते की काय?

आम्ही त्याच दिवशी निघालो. टेम्पो पाड्यात आणायचा नाही, असा पाड्याचा निरोप ताईने आणला होता. शिवेवर वाघदेवाचा दगड आहे, त्याच्या पलीकडे टेम्पो उभा केला. जीप तेवढी आत गेली. अंगणवाडीसमोर माणसं जमली होती, आणि त्यांच्या मध्ये तिथला भगत. भगत म्हणजे देवऋषी. मी कुणी जटाधारी बाबा पाहायच्या तयारीत होते, तर हा हाफ पॅन्ट घातलेला, मफलर गुंडाळलेला साधा शेतकरी माणूस. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ.

सरांनी हात जोडले. म्हणाले, "चूक माझी आहे. या ताईचा यात काही दोष नाही. पोराला आत्ता माझ्या जीपमधून पेठच्या दवाखान्यात नेऊ. कपडे आम्ही परत नेतो."

भगताने मान हलवली. "नेऊ की. पण नेण्याची रीत हाये. ज्यानं तोंडानं आणलं, त्यानं शेवटचं गाठोडं डोक्यावर घेऊन शिवेपार न्यायचं. अनवाणी. तांदूळ टाकून. त्याबिगर ते जात नाय. ते अंगणवाडीतनं हलल्याबिगर पोर उठवायचं नाय."

 मी त्यांना आयुष्यात इतकं हरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी माफी मागतो. सगळी गाठोडी वाहतो. पण तांदूळ टाकून नाही. ते केलं तर मी म्हटल्यासारखं होईल, की हे खरं आहे. आणि हे खरं ठरलं की उद्या हिला भुताळी म्हणणंही खरं ठरेल."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आजही मला ते चूक वाटत नाही. पण आतल्या घरात पोर कण्हत होतं, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. त्या पोराचं काही बरंवाईट झालं असतं तर ताईचं काय झालं असतं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ताई खांबाला टेकून उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, सरांकडेही नाही. ती आपल्या दिराकडे बघत होती.

"मी नेते," मी म्हणाले. 

भगताने मला खालीवर पाहिलं. "तू कोण यांची?"

"सर आहेत माझे."

"सर म्हंजे? नात्यानं कोण? नात्यातलं लागतं."

नातं काहीच नव्हतं. आमची जात वेगळी, गाव वेगळं. मी म्हणाले, "माझ्या घरात आधी कुणी शिकलेलं नव्हतं. यांनी शिकवलं. अंगावर घालायला नव्हतं तेव्हा यांच्या घरच्या मुलीचे कपडे घातले. दोन वर्षं तेच घातले."

"त्यांच्या घरचं कापड अंगाला लावलंस?"

"हो."

भगताने आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या. "मंग लेकच हायेस," तो म्हणाला. "चालंल."

सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. ते मला अडवतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "पायाला काटे लागतील तुझ्या."

पोती वाहून न्यायला पाड्यातलं कुणीच पुढे येईना. मी, ताई, टेम्पोचा ड्रायव्हर आणि सर, चौघांनीच खेपा केल्या. शेवटचं एक गाठोडं ठेवलं, तेच ते स्वेटर आणि चादरींचं. मी चपला काढल्या. भगताने गाठोडं माझ्या डोक्यावर ठेवलं, काहीतरी पुटपुटत तांदूळ टाकले आणि म्हणाला, "बोलायचं नाय. मागं बघायचं नाय. कुणी हाक मारली तरी नाय."

मी चालायला लागले. वाटेत भाताचे खुंट होते, ते पायाला टोचत होते. बी.ए.ला मला समाजशास्त्रही होतं. हे सगळं काय आहे, का आहे, यावर मी पेपर लिहून आले होते, चांगले गुण मिळवले होते. आणि तरी डोक्यावरचं ते गाठोडं मला पावलागणिक जड वाटत होतं, मानेवरून काहीतरी ओघळतंय असं वाटत होतं. मी घाबरले होते. खरोखर घाबरले होते. याचा मला जेवढा धक्का बसला तेवढा त्या चादरीचाही बसला नव्हता. आई मीठ-मोहऱ्या उतरवताना अशीच घाबरत असेल का, असं मनात आलं. मागे काय चाललंय ते पाहायची एवढी इच्छा मला कधीच झाली नव्हती. दीर काय करतोय? ताई कुठे आहे? मान आपोआप वळायला बघत होती आणि मी ती दोन्ही हातांनी गाठोडं धरून सरळ ठेवत होते.

मग मागे जीप सुरू झाल्याचा आवाज आला. पोराला घेतलं असणार. जीप दुसऱ्या वाटेने पेठकडे लागली आणि आवाज लांब गेला. त्यानंतर काही वेळ काहीच नाही, फक्त माझा श्वास. आणि मग ताईचा आवाज आला, चढा, खेकसणारा, तिच्या कोकणीत. शब्द मला पुरते कळले नाहीत, पण कुठल्याही मास्तरणीचा असतो तसा तो आवाज होता. हात धुतल्याशिवाय बसायचं नाही, असं काहीतरी. पाठोपाठ ताटल्यांचा आवाज आणि पोरांचा कालवा.

वाघदेवाच्या पलीकडे मी गाठोडं खाली टाकलं, तेव्हा ड्रायव्हर टेम्पोपासून चांगला लांब उभा होता. "मॅडम, हे माझ्या गाडीत नाही हं. आपण ठरवलं होतं कपडे, आता हा उतारा झाला." तो नाशिकचा, सातपूरला राहणारा, गाडीला लिंबू-मिरची बांधणारा. शेवटी नारळ फोडल्यावर आणि मी स्वतः गाठोडं चढवल्यावर तो तयार झाला. सबंध रस्ताभर त्याने खिडकी उघडी ठेवली.

त्या कपड्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. मावशींनी ते सगळे सोड्यात उकळले, उभे-आडवे फाडले आणि अंबडच्या कारखान्यांत यंत्रं पुसायला दिले. तिथे कुणाच्या अंगाला लागायचे नव्हते. त्यातूनच आमचं दुसरं काम सुरू झालं. पुढची दहाबारा वर्षं, दोन हजार साल उलटून गेल्यावरही, नाकारलेल्या कापडाची पुसणी, पायपुसणी, गाद्यांचं भरण आम्ही करत राहिलो. दारोदार कपडे मागताना मी नियम सांगायला लागले: आजाऱ्याचं नको, गेलेल्या माणसाचं नको, जे तुम्ही उद्या स्वतः घालाल तेच द्या. पोती निम्मी झाली. पुष्कळ दारं लागली. पाटीवर मावशींच्या सांगण्यावरून साधं 'घातलेले कपडे' असं लिहिलं. सरांनी विरोध केला नाही. त्या पाड्यावर मात्र पुन्हा कपडे गेले नाहीत. ताईनेच नको म्हणून सांगितलं. ती नंतरही एसटीची वाट बघायला आमच्याकडे येत राहिली, निवृत्तीला आता फार वर्षं उरली नसतील तिची.

त्या दिवशी टेम्पोने मला पेठच्या दवाखान्यापाशी सोडलं. व्हरांड्यात बाकावर सर एकटेच बसले होते. पोराच्या छातीत कफ साठला होता, इंजेक्शन दिलं होतं, दोन दिवस ठेवून घेणार होते. डॉक्टर म्हणाले होते, वेळेत आणलंत. पोराचा आजा बाहेर पायरीवर विडी ओढत होता.

मी सरांच्या शेजारी बसले. माझे तळपाय रक्ताळले होते, ते मी साडीखाली घेतले. सर बराच वेळ समोरच्या भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिले. या माणसाने मला इतिहास शिकवला होता, पुरावा नसेल तर काही मानायचं नाही, हे शिकवलं होतं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. आजा लांब होता. मग माझ्याकडे वाकून त्यांनी अगदी हळू विचारलं,

"मागे वळून पाहिलं नाहीस ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"बरं केलंस," सर म्हणाले, आणि उठून आज्यासाठी चहा आणायला गेले.